नाही म्हणायला शिकवायचं राहून गेलं

डॉक्टर रंजिता भोईरला करावे गावात अजूनही सगळे रंजूच म्हणतात. धर्मराज भोईरांची ही थोरली मुलगी, गल्लीतली पहिली एम.डी. वडिलांची शेती सिडकोनं घेतली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. पुढं जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर चार मजले उभे राहिले, खालचे तीन भाड्यानं गेले, आणि वरच्या मजल्यावर राहून धर्मराजांनी पोरीला डॉक्टर केलं. नेरुळमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती मेडिसिन विभागात लागली ती तिथलीच झाली. कामाला चोख, बोलायला तुटक, पण पेशंटजवळ खुर्ची ओढून बसणारी, अशी तिची ओळख होती.

अशा बाईला कॉम्प्युटरचं वेड कसं लागलं, याचं तिच्या सोबतच्या डॉक्टरांना नवल वाटायचं. त्याला एक कारण होतं. ती शिकाऊ असताना तळोज्याकडचे एक आजोबा दाखल झाले होते. रक्त पातळ करायची गोळी त्यांना एका वॉर्डातून सुरू झाली, वॉर्ड बदलल्यावर दुसऱ्यांनी तीच गोळी पुन्हा लिहिली. आधीची फाइल कुठंतरी कपाटातच राहून गेली होती. आजोबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते गेले. त्यांच्या सुनेनं रंजिताला एवढंच विचारलं होतं, की तुमच्याकडं लिहून ठेवत नाहीत का? तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की डॉक्टरचं निम्मं काम माहितीचं आहे, आणि ते काम आपण फार गबाळेपणानं करतो.

त्यामुळं हॉस्पिटलात कागद जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे डॉक्टर कुरकुरत होते आणि रंजिता खुशीत होती. पण वर्षभरात तिच्या लक्षात आलं, की यंत्र आलं तरी ते वापरायचं कसं हे डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नाही. कुणी कालची नोंद जशीच्या तशी आज चिकटवायचा. कुणी पडद्यावर लाल सूचना आली की न वाचता बंद करायचा. बटणं कुठली दाबायची हे कंपनीची माणसं दाखवून गेली होती, पण पेशंटनं सांगितलेली गोष्ट पडद्यावर जाताना तिचं काय होतं, काय गळतं, काय वाढतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. रंजितानं ट्रस्टकडं मागणी केली, की तरुण डॉक्टरांसाठी आपण एका वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करू. क्लिनिकल इन्फर्मेटिक्स हे नाव ट्रस्टींना आवडलं. आसपासच्या कुठल्या हॉस्पिटलात तसलं काही नव्हतं.

अभ्यासक्रमाची उद्दिष्टं लिहायला तिनं अभय कासारेला सोबत घेतलं. अभय तिच्यासोबतच शिकलेला. घर मूळचं माणगावकडचं, वडील सिडकोत क्लार्क होते, म्हणून लहानपण नेरुळच्या सेक्टरमधल्या छोट्या घरात गेलेलं. तो कॅज्युअल्टीचा, म्हणजे तातडीच्या विभागाचा डॉक्टर होता, आणि त्याला यंत्राचं ना वेड होतं ना वावडं. दुपारची ओपीडी संपली की दोघं कॅन्टीनमध्ये बसायची. रंजिता लिहायची, अभय खोडायचा. नोंद कशी करावी, औषधांची यादी कशी तपासावी, रुग्णाची माहिती कुणाला दाखवावी आणि कुणाला दाखवू नये, आकडेवारीवरून काय ठरवता येतं आणि काय नाही, असं एकेक उद्दिष्ट तयार होत गेलं.

एका बाबतीत मात्र अभय अडून बसला. यंत्र आता नुसतं लिहून घेत नव्हतं, सल्लाही देऊ लागलं होतं. लक्षणं भरली की पुढं काय करायचं हे पडद्यावर यायचं. अभयचं म्हणणं होतं, की या कोर्समधून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला यंत्राचा सल्ला नाकारता आला पाहिजे. कधी नाकारायचा, कशावरून नाकारायचा, आणि का नाकारला हे चार ओळींत कसं मांडायचं, हे शिकवायचं. आणि त्याची परीक्षा पेशंटच्या खाटेजवळ घ्यायची, कॉम्प्युटर लॅबमध्ये नाही.

"बाकी सगळं कंपनीवालेपण शिकवतील," तो म्हणाला, "हे एकच आपल्याला शिकवावं लागेल."

रंजिताला ते मनापासून पटलं होतं. तिनं ते उद्दिष्ट यादीत सगळ्यात वर लिहिलं.

ट्रस्टच्या बैठकीत ते वर टिकलं नाही. बाहेरून एक सल्लागार बोलावले होते. त्यांनी आणि हॉस्पिटलच्या अधीक्षक सुचिता राणे यांनी प्रत्येक उद्दिष्टापुढं एकच प्रश्न ठेवला, की हे मोजणार कसं? नोंदी पूर्ण आहेत का हे मोजता येत होतं. सल्ला नाकारण्याची अक्कल मोजता येत नव्हती. उलट एका ट्रस्टींनी विचारलं, की एवढा पैसा घालून आणलेली यंत्रणा डॉक्टरांनी धुडकावून लावावी म्हणून आपण कोर्स काढतोय का? सुचिताबाई रंजिताला बाजूला घेऊन म्हणाल्या, की आत्ता तेवढं एक काढ, मंजुरी मिळू दे, पुढच्या वर्षी घालू परत. बाई काही वाईट नव्हत्या, त्यांनाही कोर्स हवाच होता.

रंजितानं ते उद्दिष्ट काढलं. एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण मोजता येईल असं काहीतरी त्या जागी हवं होतं, म्हणून तिनंच दुसरं सुचवलं. शिकणारा डॉक्टर यंत्रणेचा सल्ला किती वेळा पाळतो, त्याचं प्रमाण काढायचं आणि त्यावर गुण द्यायचे. ती ओळ तिच्या हातची होती. पुढं तिला सगळ्यात जास्त बोचली ती हीच.

अभयला तिनं कॅन्टीनमध्ये सांगितलं. तो भांडला नाही. चहा पूर्ण प्यायला, आणि म्हणाला, "अगं, तू नुसतं काढलं नाहीस. उलटं करून ठेवलंस." पुढच्या वर्षी परत घालू, असं ती म्हणाली. तो फक्त हसला. नंतर काही महिन्यांनी त्यानं हॉस्पिटल सोडलं आणि जुईनगरला स्वतःचा दवाखाना टाकला. कोर्सचं कारण त्यानं कधी सांगितलं नाही, घरच्या अडचणी आहेत म्हणाला, आणि त्या होत्याही. रंजितानं ते कारण खरं धरलं, कारण तेच सोयीचं होतं.

कोर्स चांगला चालला. खरं सांगायचं तर फारच चांगला चालला. औषधांच्या चुका खरोखर कमी झाल्या. तळोज्याच्या त्या आजोबांसारखं पुन्हा कुणाचं झालं नाही. पनवेलच्या, ठाण्याच्या हॉस्पिटलांतून डॉक्टर पाहायला येऊ लागले, रंजिताला भाषणांना बोलावणी येऊ लागली. ओपीडी कमी करून ती बहुतेक वेळ कोर्सला देऊ लागली. पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचं आलं. राहिलेलं उद्दिष्ट परत घालायचं तिच्या डोक्यात असायचं, पण चाललेल्या गाडीला कशाला खीळ घाला, असं वाटून ते मागं पडायचं.

तिसऱ्या तुकडीत तेजस ठाकूर आला. उरणकडचा, बोलीनं आणि वागण्यानं अगदी करावे गावातलाच वाटावा असा. मुलगा हुशार होता आणि मायाळूही होता. म्हाताऱ्या बायका त्याच्याशी उगाच बोलत बसायच्या आणि तोही घाई करायचा नाही. कोर्समध्ये तो पहिला होता. त्यानं एकदा वर्गात विचारलं होतं, की मॅडम, यंत्र एक सांगतंय आणि आपल्याला आतून वेगळं वाटतंय, तर काय करायचं? रंजिताला त्या दिवशी बाहेरच्या पाहुण्यांना हॉस्पिटल दाखवायचं होतं. ती म्हणाली, की आधी यंत्रणा नीट शिकून घे, आतल्या वाटण्याला अजून अनुभव लागतो. तेजसनं मान डोलावली. त्यानं पुन्हा तो प्रश्न काढला नाही.

कोर्स संपवून तेजस कॅज्युअल्टीत रुजू झाला. तिथं एका सकाळी पुतळाकाकी आली.

पुतळाकाकी म्हणजे करावे गावातली मासळीवाली. रंजिताच्या घराच्या मागच्या आळीत राहणारी, नवरा लवकर गेलेला, दिवाळे गावच्या जेट्टीवरून मासळी उचलून सीवूड्सच्या सोसायट्यांत दारोदार विकणारी. रंजिताच्या लहानपणी आई आजारी पडली तेव्हा महिनाभर या पोरीला जेवायला हिनंच घातलं होतं. काकीला साखरेचा आजार जुना. त्या दिवशी तिला दरदरून घाम आला, मळमळलं, पाटी खाली ठेवून ती एका बिल्डिंगच्या पायरीवर बसली. वॉचमननं तिच्या मुलाला, केतनला फोन केला आणि तो तिला रिक्षात घालून घेऊन आला.

तेजसनं तिला खाटेवर निजवलं आणि तिच्याच बोलीत विचारलं, की काकी, छातीत दुखतंय का.

"छातीन काय नाय रं बाला," ती म्हणाली. "पाठीवर कुनी भरलेली पाटी ठेवलीय, असा वाटतंय. उतरवून घेवाला कुनी नाय."

तेजसला तिचा शब्द न शब्द कळला. त्याची आजीही पाटी वाहायची. पण पडद्यावर प्रश्न होता, छातीत दुखतं का, हो किंवा नाही. काकी नाही म्हणाली होती. त्यानं नाही भरलं. तसं भरल्यावर हृदयविकार तपासायची वाट बंद झाली आणि यंत्र दुसऱ्याच वाटेनं गेलं. पाठीच्या स्नायूंचं दुखणं, पित्त, साखर तपासा, गोळ्या द्या, घरी पाठवा. ईसीजीचं नाव त्यात आलं नाही. तेजस थोडा थांबला. ईसीजी काढावा, असं त्याच्या मनात आलं होतं. हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. पण सल्ल्याबाहेरची तपासणी लिहिली की तिची वेगळी गणती व्हायची आणि वर्षभर त्याला हेच शिकवलं होतं, की आपल्यापेक्षा यंत्रणेनं जास्त पाहिलेलं असतं. इंजेक्शननं काकीची मळमळ थांबली. साखर जराशी वाढलेली निघाली. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, जास्त वाटलं तर लगेच या म्हणून केतनला दोनदा बजावलं, आणि तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी काकीला आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. हृदयाचा मोठा झटका होता, आदल्या दिवशीच सुरू झालेला. अडलेली रक्तवाहिनी उघडली, काकी जगली, पण हृदयाचा बराच भाग कायमचा दुबळा झाला होता.

अशा प्रकरणात होते तशी चौकशीची बैठक झाली. सुचिताबाई, दोन वरिष्ठ डॉक्टर, रंजिता, आणि समोर तेजस. एकेक पायरी तपासली गेली. प्रश्न सगळे विचारले होते, नोंद पूर्ण होती, यंत्रणेचा सल्ला तंतोतंत पाळला होता. बैठकीचा निष्कर्ष निघाला, की डॉक्टरांकडून कुठलीही चूक झालेली नाही. बाईंचं दुखणं नेहमीसारखं नव्हतं, असं कधीकधी होतं.

रंजिता तिथं बोलू शकली असती. सुचिताबाई सोडल्या तर त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं, की या मुलाला जे शिकवायचं होतं ते यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, आणि ते तिनं काढून त्याच्या नेमकं उलट शिकवलं होतं. पण पुढच्या महिन्यात कोर्सच्या मान्यतेची तपासणी होती. शिवाय मुलगा निर्दोष सुटतोय, मग आणखी काय हवं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. ती गप्प राहिली.

बाहेर आल्यावर तेजस जिन्याजवळ उभा होता. "मॅडम, चूक झाली नाही म्हणतात," तो म्हणाला. "मग ती काकी तशी का झाली? मला कळलं होतं ना, ती काय म्हणत होती ते." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मनाला लावून घेऊ नकोस, असं काहीबाही सांगितलं. त्याला हवं होतं ते हे नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर तेजस बिचकून काम करू लागला. साध्या सर्दीवाल्याचेही ईसीजी काढायचा, मग सल्ल्याबाहेरच्या तपासण्या फार होतात म्हणून त्याला बोलणी बसायची, मग तो पुन्हा यंत्राच्या मागं जायचा आणि पेशंट गेल्यावर तासभर अस्वस्थ राहायचा. पावसाळा संपता संपता त्यानं राजीनामा दिला. महापेला एका विमा कंपनीत डॉक्टरांचे कागद तपासायची नोकरी मिळाली होती. राजीनाम्यावर कोर्सची प्रमुख म्हणून रंजिताचीही सही लागत होती. ती दोन भाषणांच्या मध्ये होती. थांबून बोलू या, उद्या ये, असं तिनं सांगितलं, पण सही मात्र करून टाकली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि तिनंही फोन केला नाही.

काकीकडं मात्र ती जात राहिली. काकीचा धंदा सुटला होता. चार पावलं चालली की धाप लागायची. दारातल्या खुर्चीवर बसून ती केतनच्या बायकोला मासळी निवडायला शिकवायची आणि रंजू आली की जवळ बसवून घ्यायची. एकदा तिनं आपणहून तेजसचा विषय काढला. "तो पोर बरा हाय," ती म्हणाली, "माज्याशी आपल्या बोलीन बोलला. त्याला कुनी बोलू नका हां." रंजितानं मान डोलावली. तो पोर आता पेशंट बघत नाही, हे तिच्या तोंडून निघालं नाही.

त्या दिवशी करावेहून ती घरी न जाता जुईनगरला अभयच्या दवाखान्यात गेली. बरीच वर्षं ती दोघं नुसती सणावाराला मेसेज पाठवत होती. बाहेर गर्दी होती, ती पेशंटांच्या बाकावर बसून राहिली. अभय मोकळा झाल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. तो तिला टाकून बोलेल, अशी तिची अपेक्षा होती, कदाचित तिला तेच हवं होतं. तो तसं काही बोलला नाही. कोर्स सुरू व्हायला हवाच होता, तू त्या वेळी दुसरं काय करणार होतीस, असंच म्हणाला. मग त्यानं विचारलं, "त्या पोराला सांगितलंस का हे?"

ती नाही म्हणाली.

"मग माझ्याकडं आधी कशाला आलीस?"

तू परत ये, आपण दोघं मिळून ते उद्दिष्ट परत घालू, असं ती म्हणाली. अभयनं नकारार्थी मान हलवली. दवाखान्याचा जम बसला आहे, आता पुन्हा त्या बैठकांमध्ये जाववणार नाही, हे त्यानं शांतपणे सांगितलं. दारापर्यंत सोडायला आला, आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली.

तेजसला तिनं फोन केला. उद्दिष्टाची सगळी हकीकत सांगितली, बैठकीत आपण गप्प बसलो तेही सांगितलं. चूक तुझी नव्हती, तुला अपुरं आणि उलटं शिकवलं गेलं, आणि ते मी शिकवलं, असं तिनं स्वच्छ शब्दांत म्हटलं.

"मॅडम, हे तेव्हा बोलला असता तर मी कदाचित थांबलो असतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, मला पेशंट कळतच नाही. आता इथं बरं चाललंय. नको परत."

ती परत ये म्हणून आग्रह करणार होती, पण तेवढा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं तिला वाटलं.

ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत रंजिता पहिल्यांदा अडून बसली. काकीच्या प्रकरणात कोर्सचा दोष काय होता ते तिनं सगळ्यांसमोर मांडलं. सुचिताबाईंना ते आवडलं नाही, मान्यतेचं काय होईल, म्हणाल्या. सल्ला पाळण्याच्या प्रमाणावर गुण देणं शेवटी बंद झालं आणि अभयचं उद्दिष्ट यादीत आलं, वर नाही, खाली कुठंतरी. भाषणांची बोलावणी त्यानंतर कमी झाली. आठवड्यातल्या दोन सकाळी रंजिता आता शिकणाऱ्या डॉक्टरसोबत कॅज्युअल्टीत उभी राहते आणि पेशंट बोलत असताना त्याला कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवायला लावते. सगळ्यांना ते जमत नाही. काही जण यंत्राला नाही म्हणायला शिकले, त्यातले काही चुकीच्या वेळीही नाही म्हणतात, मग त्यांच्याशी भांडत बसावं लागतं. हे काम मोजायचं कसं, हे ट्रस्टी अजून विचारतात.

मागच्या दिवाळीआधी ती सीवूड्सच्या मॉलमध्ये वडिलांसाठी सदरा घ्यायला गेली होती. सरकत्या जिन्यापाशी तेजस भेटला, सोबत नवी नवरी होती. अंगानं भरला होता, चेहऱ्यावर तजेला होता. त्यानं वाकून नमस्कार केला. काकीची चौकशी केली. काकी चैत्रात गेली, हे त्याला माहीत नव्हतं. ते रंजितानं त्याला सांगितलं. मग त्यानं बायकोला पुढं केलं.

"पायल, या माझ्या मॅडम," तो म्हणाला, "मी डॉक्टर होतो ना, तेव्हाच्या."

रंजितानं पायलच्या पाठीवरून हात फिरवला, घरी या दोघं, असं म्हणाली. ती दोघं जिन्यावरून खाली जाईपर्यंत ती पिशवी धरून तिथंच उभी राहिली. मागच्या माणसानं, मॅडम, जायचंय का पुढं, असं विचारलं, तेव्हा ती बाजूला झाली.